रेडिओ-आकाशाचें चित्र आणि त्याचीं बटणें

ओझरच्या विघ्नहराच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींना कुकडीचें पात्र, येडगांव धरणाचें पाणी आणि चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयाशीं ज्याचें नांव जोडलें जातें तें देवळाचें शिखर हीं नवीं नाहींत. परतीच्या वाटेवर नारायणगांवाहून पूर्वेकडे खोडदचा रस्ता धरला, तर मात्र एक निराळाच देखावा दृष्टीस पडतो. द्राक्षांचे मळे आणि कांद्याचीं शेतें यांच्या मधून ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, किंवा आद्याक्षरांनीं जीएमआरटी, म्हणून जगभर ओळखली जाणारी दुर्बीण ती हीच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ती साकार झाली, आणि २००२ पासून देशोदेशींच्या संशोधकांना ती खुली आहे. एकूण ३० थाळ्यांपैकीं १४ खोडदजवळ सुमारें एक चौरस किलोमीटरच्या आंत आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय्' अक्षराच्या आकाराच्या तीन फांट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. अगदीं टोकाच्या दोन थाळ्यांमध्यें सुमारें २५ किलोमीटरांचें अंतर आहे.

"या दुर्बिणींतून दिसतें तरी काय?" असा प्रश्न पाहुण्यांच्या तोंडून हमखास येतो. त्याचें प्रामाणिक उत्तर 'डोळ्यांना कांहींच नाहीं' असें आहे. डोळा लावण्याची भिंगाची नळी येथें नाहीं. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी थाळ्या गोळा करतात. ३० थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीनें एकाच क्षणीं टिपलेल्या लहरींचा एकमेकींशीं मेळ घालून पाहिला जातो. या मेळांच्या नोंदींपासून संगणक मोठ्या गणिताअंतीं जें सिद्ध करतो, तें एक कोष्टक असतें. आकाशाच्या एका तुकड्यावर बारीक चौकटी आंखाव्या आणि प्रत्येक चौकटींत त्या जागेच्या तेजाचा आंकडा लिहावा, तसें तें कोष्टक. आंकडा जान्स्की नांवाच्या एककांत असतो; हें एकक इतकें सूक्ष्म आहे कीं, एक वॅटचे एकावर सव्वीस शून्यें इतके भाग केले, तर त्यांतील एक भाग दर चौरस मीटरास व दर हर्ट्झला पडावा. वर्तमानपत्रांत छापून येणारें निळें-तांबडें सुंदर चित्र हें या कोष्टकाचें भाषांतर होय, आणि भाषांतरकार म्हणजे पडद्यासमोर बसलेला मनुष्य व त्याच्या हातांतील सॉफ्टवेअर.

हें भाषांतर कोठें घसरतें, तें एका साध्या हिशेबानें कळेल. समजा, एका कोष्टकांतील सर्वांत तेजस्वी ठिपका १ जान्स्कीचा आहे आणि पार्श्वभूमीची खरखर १० मायक्रोजान्स्कीची आहे, म्हणजे त्याच्या एकलक्षांश. सामान्य पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. सर्वांत मंद ते सर्वांत तेजस्वी अशी सरळ विभागणी केली, तर एकेक पायरी सुमारें ४ मिलिजान्स्कीची, म्हणजे खरखरीच्या ४०० पट उंच होईल. मग खरखरीच्या दसपट तेजाची, अगदीं निःसंशय खरी अशी एखादी दीर्घिका पहिल्याच पायरींत बुडून काळीठिक्कर राहील. कोष्टकांत ती आहे. मोजली तर सांपडते. पण चित्रांत ती नाहीं. उलटपक्षीं, वरची सीमा फारच खालीं ओढली तर खरखरीचेच डाग ढगांसारखे उजळून उठतात, आणि उत्साही नवशिक्याला त्यांत हवे ते आकार दिसूं लागतात.

जीएमआरटीसारख्या दुर्बिणीला हा प्रश्न विशेष जाणवतो. दीर्घिकांच्या प्रचंड समूहांमध्यें लक्षावधि प्रकाशवर्षें पसरलेलें, अतिशय विरळ असें रेडिओतेज कांहीं ठिकाणीं आढळतें. त्यास रेडिओ-हेलो म्हणतात. त्याचा शोध घेण्यासाठीं या दुर्बिणीनें ६१० मेगाहर्ट्झवर एक खास सर्वेक्षण केलें, आणि त्याचे निष्कर्ष २००७ व २००८ मध्यें प्रसिद्ध झाले. असें तेज एका ठिपक्यांत मावत नाहीं. तें पसरलेलें असतें, आणि दर ठिपक्याच्या वांट्याला खरखरीहून थोडेंसेंच अधिक येतें. शेजारींच एखादा प्रखर उगम असला म्हणजे वर सांगितलेल्या चुकीच्या पायऱ्यांत प्रथम बळी जातो तो याचाच.

म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्यें तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: रंगाची खालची व वरची सीमा, मधल्या पायऱ्या सरळ असाव्या कीं लॉगरिथमच्या रीतीनें, आणि कोणत्या आंकड्याला कोणता रंग. खगोलशास्त्रज्ञांच्या नित्य वापरांतील 'डीएस-नाइन' या सॉफ्टवेअरमध्यें सीमा ठरविण्याच्या कांहीं तयार रीती आहेत. एक रीत सर्वांत लहान व सर्वांत मोठा आंकडा घेते. दुसरी, टोकाचे थोडे आंकडे वगळून ९९.५ टक्के ठिपके सामावतील अशी सीमा घेते. तिसरी मधल्या आंकड्यांच्या आसपासचा भाग उघडून दाखवते. रीती सोयीच्या आहेत यांत शंका नाहीं. परंतु प्रत्येक चित्रासाठीं सीमा नव्यानें आपोआप ठरत असेल, तर दोन दिवसांचीं दोन चित्रें शेजारीं ठेवून तुलना करणें धोक्याचें ठरतें. दुसऱ्या दिवशीं खरखर वाढली तर सीमा सरकते, आणि मुळींच न बदललेला उगम मंदावल्यासारखा दिसतो. तुलनेच्या वेळीं दोन्ही चित्रांस एकच सीमा हातानें लिहून द्यावी लागते.

रंगांची कथा याहून मनोरंजक आहे. कित्येक वर्षें इंद्रधनुष्याचे रंग ही सॉफ्टवेअरची ठरीव निवड असे. आंकडा समान गतीनें वाढत असतांना इंद्रधनुष्यांत डोळ्याला जाणवणारा उजेड मात्र वरखालीं होतो: मधला पिवळा सर्वांत झगझगीत, आणि टोकाचा तांबडा त्याहून काळसर. शिवाय एका रंगाची दुसऱ्याशीं जेथें गांठ पडते, तेथें कोष्टकांत नसलेली रेघ चित्रांत उमटते. आणि ज्यांना तांबड्या-हिरव्यांतला भेद दिसत नाहीं त्यांची तर फारच पंचाईत. केंब्रिजचे डेव्ह ग्रीन यांनीं २०११ मध्यें 'क्यूबहेलिक्स' नांवाची रंगमाला सुचविली. तींत रंग बदलत जातात, पण उजेड मात्र पायरीपायरीनें चढतच राहतो. त्यामुळें चित्र काळ्या-पांढऱ्या छपाईंतही अर्थ राखतें. विशेष असें कीं, हा निबंध भारताच्या खगोलशास्त्रीय परिषदेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें २०१७ मध्यें 'मॅटप्लॉटलिब' या बहुप्रचलित सॉफ्टवेअरनें इंद्रधनुष्याची रंगमाला सोडून 'विरिडिस' नांवाची, याच तत्त्वाची रंगमाला ठरीव केली. त्या दिवसापासून, कांहींही न निवडणाऱ्या असंख्य लोकांचीं चित्रें बदललीं. ठरीव निवडीचें बळ केवढें असतें, हें यावरून ध्यानीं यावें.

हीं सर्व बटणें कोठें ठेवावीं, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक, पण तसा नाहीं. सुमारें १९७८ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेंत 'एप्स' नांवाचें सॉफ्टवेअर घडूं लागलें. जीएमआरटीच्या अभ्यासकांच्या पिढ्यांनीं तें वापरलें. त्यांत बटणें नव्हतीं. हुकुमांना 'क्रियापदें' व त्यांच्या मापांना 'क्रियाविशेषणें' अशीं व्याकरणाचीं नांवें होतीं, आणि तीं अक्षरांनीं लिहून द्यावयाचीं. येथें एक खोंच होती. एका कामासाठीं दिलेलें क्रियाविशेषण पुढच्या कामांतही तसेंच कायम राही. सकाळीं एका चित्रासाठीं दिलेली सीमा विसरून दुपारीं दुसऱ्या चित्रास लागू होई, आणि संगणक तक्रार करीत नसे, कारण त्याच्या दृष्टीनें हुकूम स्पष्टच असे. म्हणून प्रत्येक काम सुरू करण्यापूर्वीं सर्व मापांची यादी पडद्यावर छापवून वाचण्याची शिस्त जुन्या अभ्यासकांनीं अंगीं बाणवली.

आजच्या सॉफ्टवेअरमध्यें पडदा भरून बटणें असतात, आणि अडचण उलट दिशेची आहे. वारे, पाण्याचे प्रवाह, ताऱ्यांचे स्फोट अशा नानाविध विषयांच्या आंकड्यांचें चित्र करणाऱ्या 'पॅराव्ह्यू' या सॉफ्टवेअरमध्यें एकेका चित्रप्रकाराच्या मागें बरींच सेटिंगें असतात. तीं सर्व एकदम मांडलीं तर माणूस गोंधळून जाईल. म्हणून त्यांची दोन गटांत वांटणी केलेली आहे: नेहमीचीं समोर, आणि बाकीचीं दंतचक्राच्या खुणेचें बटण दाबल्यावर दिसणारीं. शोधाच्या चौकटींत नांव लिहिलें कीं लपलेलें सेटिंगही पुढें येतें. ही योजना घरोघरच्या मिसळणाच्या डब्यासारखीच आहे. हळद, तिखट, मोहरी, जिरें हातापाशीं. दगडफूल आणि नागकेशर फळीवरच्या बरणींत. जुन्या रेडिओयंत्रांतही आवाजाचें व स्टेशनाचें बटण पुढें असे, आणि कारागिरानें फिरवावयाचे स्क्रू पाठीमागच्या झाकणाआड.

परंतु कोणता मसाला रोजचा, हें ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून. तेंच येथें. म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्यें आपल्या पसंतीचें मूल्य 'यापुढें हेंच ठरीव' असें जतन करतां येतें, आणि मूळ मूल्यावर परतही जातां येतें. पॅराव्ह्यूमध्यें तर तीन थर आहेत: निर्मात्यांनीं ठरविलेलीं मूल्यें, त्यांवर संस्थेनें आपल्या सर्व संगणकांसाठीं ठेवलेलीं, आणि सर्वांत वर वापरणाराचीं स्वतःचीं. जेथें विरोध येईल तेथें वरचा थर प्रमाण. देशाची रीत, गांवची रीत आणि घरचा कुलाचार यांचाच हा क्रम. घरांत अखेर कुलाचारच चालतो. रेडिओ-चित्रांसाठीं अलीकडे लिहिलेल्या 'कार्टा' या सॉफ्टवेअरमध्यें चौकटी हव्या त्या जागीं नेऊन ती मांडणी नांव देऊन राखून ठेवतां येते. आलेख पाहणाराची मांडणी वेगळी, नकाशे मोजणाराची वेगळी.

येथपर्यंत सर्व ठीक. दोष आहे तो असा कीं, दोन अगदीं भिन्न जातींचीं सेटिंगें एकाच कपाटांत ठेवण्याची बहुतेक सॉफ्टवेअरची रीत आहे. पडद्याची पार्श्वभूमी काळी कीं पांढरी, अक्षरें केवढीं, चौकट डावीकडे कीं उजवीकडे, हीं सोयीचीं सेटिंगें. तीं बदलल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि डोळ्यांना त्रास होत असेल तर तीं अवश्य बदलावीं. रंगसीमा, पायऱ्यांची रीत, रंगमाला हीं मात्र अर्थाचीं सेटिंगें. तीं बदललीं कीं दिसणारी वस्तुच बदलते. दोन्ही एकाच यादींत, सारख्याच अक्षरांत असलीं, म्हणजे अक्षरें मोठीं करावयास गेलेला मनुष्य जातां जातां ठरीव रंगसीमाही बदलून बसतो, आणि महिन्यानें त्याला त्याची आठवणही उरत नाहीं. आदल्या विद्यार्थ्यानें वापरलेला संगणक जसाच्या तसा हातीं आला, तर नव्या विद्यार्थ्याला हीं ठरीव मूल्यें वारशानें मिळतात, आणि तीं निर्मात्याचीं कीं पूर्वसूरींचीं हें पडद्यावरून ओळखूं येत नाहीं.

म्हणून मांडणी जुळवितांना सोयीचीं सेटिंगें मनसोक्त लपवावीं, पण चालू सीमेचे दोन आंकडे आणि ती सीमा आपोआप ठरली कीं हातानें दिली ही खूण कधींही आड करूं नये. पडद्यावर कितीही दाटी झाली तरी त्यांना जागा द्यावी. नवा संगणक हातीं आला कीं प्रथम सर्व मूल्यें मूळपदावर आणावीं आणि मग आपलीं घालावीं. चित्र राखून ठेवतांना त्याच्या शेजारीं त्या वेळच्या सर्व सेटिंगांची फाइलही राखून ठेवावी. अशी फाइल करण्याची सोय वर नांवें आलेल्या डीएस-नाइन, पॅराव्ह्यू व कार्टा या तिन्हींत आहे, आणि तिला कांहीं क्षणांहून अधिक वेळ लागत नाहीं.

रेडिओ-खगोलशास्त्रांत रंगांच्या आधींपासून चालत आलेली एक रीत या बाबतींत फार उपयोगी पडते. डोंगराच्या नकाशांत जशा समान उंचीच्या रेषा असतात, तशा येथें समान तेजाच्या रेषा काढतात. पहिली रेषा बहुधा खरखरीच्या तिप्पट आंकड्यावर, आणि पुढच्या रेषा दुपटी-दुपटीनें वाढत्या. खरखरीचा आंकडा चित्राखालीं छापलेला असतो. म्हणून कोणती रेषा किती तेजाची, हें रंगमाला कोणतीही असली तरी वाचकाला कळतें. याच्या जोडीला उणे तिप्पटीची एक रेषा तुटक काढतात. शून्याहून कमी तेज आकाशांत नसतें. अशी तुटक रेषा जेथें उमटते तेथें खरखर किंवा गणितांतील उणीवच असते. ज्या चित्रांत अशीं तुटक कडीं भोवतालीं दाटून आलीं आहेत, तेथील तितक्याच मंद अखंड कड्यांवर जाणता वाचक भरंवसा टाकीत नाहीं.