संप्रेरकाचा अंमल: पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील संशोधनाचा मागोवा

पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी पुरःस्थ ग्रंथी, जिला व्यवहारात आपण प्रोस्टेट म्हणतो, ती जन्मभर पुरुष-संप्रेरकाच्या अमलाखाली असते, आणि तिच्यात उद्भवणारा कर्करोगही बहुतांशी त्याच अमलाखाली वाढतो. हे आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले, तरी त्या अमलाची व्याप्ती ध्यानात येण्यास ऐंशी वर्षांहून अधिक काळ लागला. हा काळ पुन्हा चाळून पाहिला म्हणजे दिसते की, संप्रेरकाचा पुरवठा उपचाराने जेव्हा जेव्हा तोडला, तेव्हा तेव्हा रोगाच्या पेशीने त्याचाच हुकूम दुसऱ्या वाटेने बजावून घेतला, आणि ती वाट धुंडाळतानाच शास्त्राची पुढची प्रगती झाली.

या इतिहासाचा आरंभ शिकागो विद्यापीठात झाला. तेथील मूत्ररोगशल्यज्ञ चार्ल्स हगिन्स हे श्वानांच्या पुरःस्थ ग्रंथीतील स्रावाचा अभ्यास करीत असता, वृषणे काढल्यावर तो स्राव आटतो आणि संप्रेरक टोचल्यावर पुन्हा वाहू लागतो, असे त्यांच्या दृष्टीस आले. पुढे १९४१ साली क्लॅरेन्स हॉजेस यांच्या साहाय्याने त्यांनी दाखवून दिले की, ज्यांचा रोग हाडांपर्यंत पसरला आहे अशा रुग्णांची वृषणे काढली किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिले, तर रक्तात वाढलेले आम्ल फॉस्फेटेज हे एंझाइम उतरते, आणि पुरुष-संप्रेरक दिले तर ते पुन्हा चढते. कर्करोगाची पेशी ही शरीराच्या कोणत्याही शासनाला न जुमानणारी, सर्वस्वी स्वैर असते, या रूढ समजुतीला या शोधाने मुळापासून हादरा दिला. १९६६ साली हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या उपचाराने वेदना शमलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचा रोग काही महिन्यांनी वा वर्षांनी परत आला. वृषणांवाचूनही अधिवृक्क ग्रंथी काही प्रमाणात पुरुष-संप्रेरक निर्माण करीत असाव्यात, या तर्काने हगिन्स यांनी १९४५ साली त्या ग्रंथीही काढून पाहिल्या. पण त्या ग्रंथींची उणीव भरून काढणाऱ्या कॉर्टिसोनच्या अभावी त्या काळी तो उपाय रुग्णांना झेपण्याजोगा नव्हता. पुढे १९७१ साली अँड्र्यू शॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोष ग्रंथीला आज्ञा देणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाची रचना उलगडली, आणि त्यातून वृषणे काढण्याच्या शस्त्रक्रियेऐवजी इंजेक्शनाने तोच परिणाम साधणारी औषधे आली. शस्त्रक्रियेचा आघात टळला. रोगाचे परत येणे मात्र टळले नाही.

संप्रेरक पेशीत शिरून नेमके करते काय, या प्रश्नाचा शोध दरम्यान सुरूच होता. १९६८ च्या सुमारास निकोलस ब्रुकॉव्हस्की आणि जीन विल्सन यांनी दाखविले की टेस्टोस्टेरॉन ग्रंथीत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात पालटते व पेशीच्या केंद्रकात जाऊन बसते. आणि १९८८ साली त्याला धारण करणाऱ्या अँड्रोजेन-ग्राही प्रथिनाचे जनुक हाती आले. संप्रेरक या प्रथिनाला जडले की ते केंद्रकातील डीएनएच्या ठरावीक स्थानांवर बसून अनेक जनुकांना जागृत करते. निदानासाठी रक्तात मोजले जाणारे पीएसए हे अशाच एका जनुकाचे प्रथिन होय. १९९५ साली फिनलंडमधील ताम्पेरे येथील संशोधकांना आढळले की, उपचारानंतर उलटलेल्या अर्बुदांपैकी जवळजवळ एकतृतीयांशात या ग्राही प्रथिनाच्या जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या आहेत. उलटलेला रोग संप्रेरकाच्या अमलातून मुक्त झाला आहे, ही धारणा त्यामुळे टिकेना; अत्यल्प संप्रेरकावरही भागावे म्हणून पेशीने आपली ग्रहणशक्तीच वाढवून ठेवली होती. या जाणिवेतून २०११ साली अधिवृक्क ग्रंथीत व अर्बुदातही संप्रेरकाची निर्मिती रोखणारे ॲबिराटेरोन, आणि २०१२ साली खुद्द ग्राही प्रथिनाला जखडणारे एन्झालुटामाइड, ही औषधे मान्यता पावली. हगिन्स यांचा १९४५ चा तर्क अशा रीतीने सहासष्ट वर्षांनी फळाला आला. पण २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स येथील अभ्यासाने दाखविले की, संप्रेरक धरणारा भागच गळून पडलेले आणि तरीही सदैव जागृत राहणारे, एआर-व्ही७ नावाचे त्या प्रथिनाचे रूप ज्यांच्या रक्तातील अर्बुदपेशींत आढळते, त्या रुग्णांना या दोन्ही औषधांचा गुण येत नाही.

या औषधांच्या आधीपासूनच दुसऱ्या एका दिशेने आलेली ज्ञानधारा या प्रवाहाला मिळू लागली होती. मानवी जीनोमचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांचा संकेत बाळगतो, हे जीनोमच्या वाचनाने उघड झाले. आणि उरलेल्या भागातून निघणारे, प्रथिन न घडविणारे असंख्य आरएनए निरुपयोगीच असतील, हे गृहीत धरणे कठीण होत गेले. १९९९ सालीच दोन स्वतंत्र शोध लागले होते. ह्यूस्टन येथे बर्ट ओमॅली यांच्या प्रयोगशाळेत, स्टेरॉइड संप्रेरकांच्या ग्राही प्रथिनांना आरएनएच्या रूपातच साहाय्य करणारा एसआरए नावाचा रेणू सापडला. आणि पुरःस्थ ग्रंथीच्या अर्बुदांत विपुल, पण निरोगी ऊतकांत अत्यल्प असा, पुढे पीसीए३ या नावाने प्रसिद्धीस आलेला आरएनए उजेडात आला. या दुसऱ्या रेणूची मूत्रातून मोजणी करणाऱ्या चाचणीला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि पूर्वी ऊतकपरीक्षेत कर्करोग न आढळलेल्या पुरुषाची पुन्हा परीक्षा करावी की नाही, हे ठरविण्यास तिचे साहाय्य होऊ लागले. लहान आकाराच्या सूक्ष्म-आरएनएंचे महत्त्वही त्याच काळात कळून आले. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली दाखविले की, मिआर-१०१ हा आरएनए हरपला म्हणजे अनेक जनुकांना मुके करणारे ईझेडएच२ हे प्रथिन अनावर वाढते.

संप्रेरकाच्या अमलाशी या आरएनएंचा संबंध किती निकटचा आहे, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. २०१५ साली सिद्ध झाले की हॉटएअर नावाचा दीर्घ आरएनए संप्रेरकाच्या उपस्थितीत दबलेला असतो, पण उपचाराने संप्रेरक हटले की तो वाढतो, आणि ग्राही प्रथिनाला चिकटून त्याचा होणारा नाश थोपवितो. म्हणजे उपचारच ज्या प्रतिकाराला वाट करून देतो, त्याचा हा प्रत्यक्ष दाखला होय. २०१८ साली अरुल चिन्नैयन यांच्या गटाने वर्णिलेला एआरएलएनसी१ हा तर याहून बोलका आहे: ग्राही प्रथिन त्याला जन्म देते, आणि तो त्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए टिकवून धरून उलट ग्राही प्रथिनाचीच वाढ करतो. हुकूम आणि हुकूम देणारा यांनी परस्परांना असे पोसल्यावर, केवळ बाहेरून येणारे संप्रेरक तोडल्याने अंमल का संपत नाही, याचा उलगडा होतो.

मात्र या क्षेत्रातील प्रत्येक दावा टिकला असे नव्हे. पीसीजीईएम१ आणि पीआरएनसीआर१ हे दोन आरएनए ग्राही प्रथिनाला जडून त्याला जागृत करतात, असे २०१३ साली एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने, अनेक रुग्णांच्या ऊतकांची पडताळणी करून, उपचारानंतर उलटलेल्या रोगाशी त्यांचा संबंध दिसत नाही असा निर्वाळा दिला. ही खातरजमा मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते, कारण ज्या रेणूवर औषध रचावयाचे, त्याची भूमिका निःसंदिग्ध नसेल, तर त्या अनिश्चिततेचे मोल अखेर रुग्णालाच द्यावे लागते.

या आरएनएंवर नेमका प्रहार करून पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आवरणारे औषध आज तरी नित्याच्या उपचारात आलेले नाही. पण या मागोव्यातून एक आश्वासन निश्चित मिळते. उलटलेला रोग पूर्वी अगम्य आणि अनिर्बंध मानला जाई. आज त्याच्या प्रतिकाराचे अनेक मार्ग नावानिशी ठाऊक आहेत, आणि ते बव्हंशी त्याच एका ग्राही प्रथिनापाशी जाऊन मिळतात. रुग्णाचे औषध निष्फळ ठरते, तेव्हा त्याच्या पेशींत यांपैकी कोणता मार्ग उघडला आहे याची तपासणी करणे, आणि ती तपासणी सामान्य रुग्णाच्याही आवाक्यात आणणे, हे यापुढील काळाचे कर्तव्य होय; कारण उपचाराच्या अपयशातून शास्त्राला आजवर जे ज्ञान लाभले, ते ज्यांच्या देहांवरून लाभले, त्यांच्यासारख्या रुग्णांकडे ते परत गेलेच पाहिजे.