ताईचा वाटा

माझी थोरली बहीण गेल्या महिन्यात गेली. आदल्या रात्री साडेदहाला तिचा फोन आला होता. रविवारी विहारात मुलींच्या अभ्यासवर्गाला वह्या द्यायच्या आहेत, येताना जांभळी नाक्यावरून घेऊन ये, म्हणाली. पहाटे साडेचारला तिच्या मुलीचा फोन आला. ताईने छातीत दुखतंय म्हणून पाणी मागितले आणि पाणी आणेपर्यंत सगळे संपले होते. वय वर्षे बावन्न. ना आजार, ना अंथरूण.

तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. टेंभी नाक्यापासून कोर्ट नाक्यापर्यंत तिला सगळे ताईच म्हणत. आणि ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात अशी एक ताई आहे.

आम्ही दोघेच भावंडे. टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत वाढलो. वडील कारखान्यात होते. १९८९ साली कारखाना बंद पडला, त्याच वर्षी ताई एसएससी पास झाली. अठ्ठावन्न टक्के मिळाले होते. त्या काळी आमच्या चाळीत मुलीला एवढे मार्क म्हणजे पेढे वाटण्याची गोष्ट. पेढे वाटले गेले आणि पुढच्याच सोमवारी ताई वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला लागली. आठ तास उभे राहून खोकी भरायची. पगाराचे पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायची, बसभाड्यापुरते मागून घ्यायची. मी तेव्हा चौथीत होतो. माझ्या शाळेची फी, नंतर कॉलेजची, त्यानंतर लॉची, सगळी त्या पाकिटातून गेली. कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलो तो कोटसुद्धा तिनेच कापड आणून शिवून घेतला होता. "बाबासाहेब सुटात उभे राहिले म्हणून जग उठून उभं राहिलं. तू मापाचा कोट घाल, ढगळा नको," असे तिने शिंप्यासमोर बजावले होते.

लग्न हुंडा न घेता-देता, बौद्ध पद्धतीने झाले. सासर जवळच, खोपटला. भावजी रिक्षा चालवतात. लग्नानंतर ताईने घर सांभाळून वस्तीत महिला मंडळ उभे केले. वर्षावासाचे तीन महिने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन तिच्याकडे असायचे. ती नुसती वाचत नसे. वाचता वाचता थांबून एखाद्या सुनेला विचारायची, "तुला काय कळलं ते सांग, भन्तेंचं सांगू नको." ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, तेव्हा निषेधाच्या मोर्चात ती होती. २००६ साली खैरलांजी घडली, तेव्हा बायका गोळा करून कलेक्टर कचेरीवर गेली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी आदल्या रात्री भाकऱ्या थापायची. नवरात्रात टेंभी नाक्याचा रस्ता वाहनांना बंद होतो, गर्दीत वाट काढणे कठीण होते. तरी अशोक विजयादशमीला पांढऱ्या साड्यांतल्या पन्नास-साठ बायकांची रांग घेऊन ती कोर्ट नाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला चालत जायचीच. व्यासपीठावर मात्र कधी बसली नाही. खुर्च्या मांडायला सर्वांत आधी आणि उचलायला सर्वांत शेवटी. आम्ही भाषणे करणारे त्या खुर्च्यांवर बसत होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरून गेला होता. त्रिसरण, पंचशील झाले, भन्तेंची देसना झाली. मग मला बोलायला सांगितले. मी वकील, बोलण्याची सवय. मी बाबासाहेबांच्या बहिणींची गोष्ट सांगितली.

बाबासाहेबांच्या चरित्रात तो प्रसंग आहे. विद्यार्थी भीमरावांना पुस्तकांचे वेड आणि सुभेदार रामजींचे पेन्शन तुटपुंजे. मुलाने पुस्तक मागितले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात. एकीकडे पैसे मागत. तिच्याकडे नसले तर दुसरीचा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आले की दागिना सोडवून लेकीला परत नेऊन देत. त्या लेकी म्हणजे मंजुळा आणि तुळसा. चौदा भावंडांपैकी जी पाच जगली, त्यांतल्या या दोघी. आज आपल्या घरोघरी रमाईचा फोटो आहे आणि तो असलाच पाहिजे. पण मंजुळा, तुळसा ही नावे आपल्या किती मुलांना ठाऊक आहेत? तीच गत सगुणाबाई क्षीरसागरांची. जोतीराव तान्हे असताना आई गेली, तेव्हा त्यांना वाढवले ते या मावसबहिणीने. पुढे त्या सावित्रीबाईंच्या बरोबरीने शाळेत शिकवू लागल्या. १८५४ साली त्या गेल्या. जोतीरावांच्या जयंतीला त्यांचे नाव किती ठिकाणी घेतले जाते? महामानव घडतो त्यामागे आई असते, पत्नी असते, तशी बहीणही असते. तिच्यावर आपण लिहीत नाही. माझे बोलणे ऐकून बायका डोळे पुसत होत्या. माझाही कंठ दाटून आला होता.

नंतर चहा वाटताना मंडळातल्या एक आजी माझ्याजवळ आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढचे, अक्षरओळख ताईनेच करून दिलेली. हळू आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, रामजीबाबांनी लेकीचा दागिना सोडवून परत दिला, असं तुम्ही आत्ता सांगितलंत. तुम्ही ताईचं काय परत दिलंत?"

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. कारण त्या आजींना ठाऊक होते की नव्हते, मला माहीत नाही. पण मला ठाऊक होते.

आमची चाळ पाडून तिथे इमारत झाली आणि वडिलांच्या नावे मालकीचा फ्लॅट झाला. आई आधीच गेली होती. २०१६ साली वडील गेले, मृत्युपत्र नव्हते. पुढच्या वर्षी फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर करायचे ठरले. ठरले म्हणजे मी ठरवले. हक्कसोडपत्राचा मसुदा मीच केला. असे शेकडो मसुदे केले आहेत, मजकूर तोंडपाठ आहे. 'प्रेम व आपुलकीपोटी, विनामोबदला, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता'. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ताई सकाळपासून येऊन बसली होती. फोटो झाला, अंगठा झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. सही करण्याआधी तिने कागद वाचला. ती कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करत नसे, बायकांनाही तेच शिकवी. 'प्रेम व आपुलकीपोटी' या शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "प्रेम माझं, घर तुझं. होय ना रे?" मीही हसलो. मला तो विनोद वाटला. बाहेर आल्यावर तिला रिक्षात बसवले आणि मी कोर्टात निघून गेलो. त्या दिवशी तिच्याच वयाच्या एका अशिलासाठी भावांविरुद्ध वाटपाचा दावा चालवायचा होता.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण आपल्या अनेक बांधवांना अजून वाटते की हिंदू वारसा कायदा बौद्धांना लागू नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी आणि मुलगा समान वाटेकरी आहेत आणि ते १७ जून १९५६ पासून. म्हणजे आमच्या घराच्या बाबतीत नव्या दुरुस्तीचीही गरज नव्हती. निम्मे घर ताईचेच होते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट ठेवली नाही. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येणार नाही, असे सांगणारे कलम २३ देखील त्याच दुरुस्तीने गेले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही.

या सगळ्याचे मूळ कुठे आहे? हिंदू कोड बिलात. मुलीला मुलाइतकाच वाटा हवा, हा आग्रह बाबासाहेबांचा होता. ते बिल बारगळले आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतर कारणेही होती, पण हे कारण त्यांच्या मनाला सर्वांत लागलेले होते. एका माणसाने मंत्रिपद सोडले ते बहिणीच्या वाट्यासाठी. आणि त्याचे अनुयायी म्हणवणारे आपण त्याच बहिणीला रिक्षाने निबंधक कार्यालयात नेऊन तिच्याकडून तोच वाटा सोडवून घेतो! पंचवीस डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा दिन साजरा करतो आणि सव्वीसला हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. 'तिने मागितला नाही', 'भाचीच्या लग्नाला आम्ही आहोतच', 'वाटा घेतला तर माहेर तुटेल'. ही वाक्ये मी अशिलांच्या तोंडून ऐकली आहेत आणि मनातल्या मनात स्वतःही बोललो आहे. वाटा दिल्याने तुटणारे माहेर हे माहेर कसले?

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज घेतो, न दिलेले घेण्यापासून विरत राहण्याचे. ताईने तर सही करून दिले होते, असे कायदा म्हणेल. पण जिच्या पाकिटावर मी वकील झालो, तिच्यासमोर तो कागद ठेवणाराही मीच होतो. ते देणे होते की घेणे होते, हे मी कोणत्या न्यायालयाला विचारू?

घरी पत्नीशी बोललो. ती म्हणाली, "हे मी त्याच दिवशी म्हणणार होते. तुम्ही विचारलंच नाही." निम्मा फ्लॅट ताईच्या मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करायचे ठरले आहे. इथेही व्यवहार बघा. बहिणीचा हक्क सोडवून घ्यायला मुद्रांक नाममात्र, काही शे रुपयांचा. तो भाचीला परत द्यायचा तर शुल्क बाजारभावावर. घेण्याची वाट स्वस्त, परत देण्याची महाग. ते शुल्क मी भरीन. रामजीबाबांनाही मारवाड्याचे व्याज भरावेच लागले असणार.

पण हे ताईला कळणार नाही. ही माझी शिक्षा आहे आणि तिच्यावर अपील नाही. तुमची बहीण हयात असेल तर तुमच्या हातात अजून वेळ आहे. तुमच्या घरात हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असेल, तर तो बाजूला ठेवा. बहिणीला बोलवा, तिच्या समोर बसा आणि तिचा वाटा किती होतो ते तिला आकड्यात सांगा. त्यानंतर ती काय करायचे ते तिला ठरवू द्या. माझ्याकडून यापुढे कोणाही भावासाठी हक्कसोडपत्र होईल, तर बहिणीला एकटीला भेटून, तिच्या हक्काचे सगळे सांगून झाल्यावरच होईल.

वह्या मी रविवारी विहारात नेऊन दिल्या. वर्ग आता ताईची मुलगी घेते. मी गेलो तेव्हा ती मुलींना सांगत होती, कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही.

जयभीम.