संशयाची सायंकाळ

डिलाईल रोडवरील, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरील, आमच्या चाळींत गेल्या सुट्टींत आम्हीं आठ सोबत्यांनीं खुनाचा एक लटका प्रसंग रचिला. त्याची रीत वाचकांस सांगतों.

एकानें सूत्रधार होऊन सर्व हकीकत आधींच लिहून ठेवावी. बाकीच्यांस सावकार, वैद्य, गडी अशीं सोंगें चिठ्ठीनें वांटून द्यावीं. खुनी कोण, हें ज्याचें त्यासच ठाऊक असावें. सुगावे मात्र सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवावे.

वैद्यानें नऊ वाजतां आपण मृताशीं बोललों असें सांगितलें. मृताचें फुटलेलें घड्याळ आठावर थांबलें होतें. तिकडे कोणीं पाहिलेंच नाहीं. सर्वांनीं गड्यास अपराधी ठरविलें. कारण एवढेंच कीं, तो गडी होता! तें सोंग घेतलेला आमचा सोबती बराच वेळ हंसला नाहीं.

नंतर आम्हीं राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा बोलपट पाहिला. त्यांत वकिलासमोर त्याच्या मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून येते. शेवट येथें सांगत नाहीं. या वेळीं मात्र निकाल देण्याची घाई कोणींच केली नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, खेळ आधीं व बोलपट मागाहून ठेवावा.