तांबडी रेघ आणि घरचा शब्दकोश

झाशीत मराठी कुटुंबे येऊन राहू लागली, त्यास आता पावणेतीनशे वर्षे होऊन गेली. १७४२ साली नारोशंकर तेथे आले आणि त्यांच्यामागून अनेक घराणी गेली. घरात मराठी व बाजारात हिंदी, अशी ही कुटुंबे तेथे नांदली. अशा घरातील कोणी आज संगणकावर झाशीचा इतिहास लिहावयास बसला, की पहिल्याच ओळीत ‘नेवाळकर’ या नावाखाली तांबडी रेघ उमटते. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रणेस हे आडनाव ठाऊक नसते. उपाय सोपा वाटतो. माउसची उजवी कळ दाबावी व शब्द आपल्या खासगी शब्दकोशात घालावा.

परंतु वाचकहो, पुढल्याच वाक्यात ‘नेवाळकरांनी’ येते, मग ‘नेवाळकरांच्या’, ‘नेवाळकरांकडून’. आणि रेघ पुन्हा हजर! हिंदीत नामापुढील ‘ने’, ‘को’, ‘से’ सुटे लिहितात. त्यामुळे शेजारच्या हिंदी लेखकाचे काम बहुधा एका नोंदीत भागते. मराठीत प्रत्यय शब्दास चिकटतो. ‘वर्ड’मधील हा शब्दकोश म्हणजे एका ओळीवर एक शब्द अशी साधी यादी, तिला विभक्ती कळत नाही. ‘लिब्रेऑफिस’ने २०१८ साली नव्या शब्दास परिचित नमुना-शब्द जोडण्याची सोय केली, मात्र भाषेच्या मूळ कोशात प्रत्ययांचे नियम असतील तरच ती उपयोगी पडते. एरवी एका संध्याकाळी बसून दहाबारा रूपे हातानेच भरावीत, हे बरे.

आजोबांची पत्रे उतरवून घेताना निराळीच अडचण येते. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ हे त्यांचे अनुस्वार त्या काळी शुद्धच होते. १९६२ च्या नियमांनी ते गेले. अशा शब्दांचा वेगळा कोश करावा आणि पत्रांपुरताच चालू ठेवावा. नाहीतर जुनी रूपे आपल्या नव्या लेखनात शिरतात आणि रेघ काही बोलत नाही.

कारण हा कोश आपण सांगू ते मुकाट्याने मानतो. घरच्या लग्नपत्रिकेच्या घाईत मी ‘आशिर्वाद’ असा ऱ्हस्व शब्द त्यात घालून बसलो. रेघ गेली, मी निर्धास्त झालो. एका वृद्ध आप्तांनी चूक दाखविली, तेव्हा यादी उघडून तो शब्द मी खोडला. पत्रिका मात्र तोवर वाटून झाल्या होत्या.