दुधाळ पाण्यातली परीक्षा

मोठ्या गोल टाक्यात पाणी, तेही दूध मिसळून पांढुरकं केलेलं. पृष्ठभागाच्या जरासा खाली एक छोटा चौथरा, वरून अजिबात न दिसणारा. उंदीर पट्टीचा पोहणारा, पण पाण्यात राहायला नाखूश. चौथरा दोन-चारदा सापडला, की खोलीतल्या खुणा धरून तो जवळपास सरळ तिकडेच जातो. ब्रिटिश संशोधक रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही परीक्षा आजही जागेची आठवण मोजायला वापरतात.

गांजाने विसरायला होतं, हे कळायला प्रयोगशाळा कशाला? पण नेमकं काय विसरतं, ते तिथेच कळतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २००१ मध्ये उंदरांना टीएचसी, म्हणजे गांजातला मुख्य नशीला घटक, टोचून पोहायला लावलं. चौथऱ्याची जागा सतत बदलत ठेवली, तर किलोमागे ३ मिलिग्रॅममध्येच त्यांचा गोंधळ उडाला. जागा आधीपासून पक्की ठाऊक असली, तर तेवढ्यासाठी १०० मिलिग्रॅम लागले! मुरलेली आठवण शाबूत, ताजी मात्र निसटते.

असं का, याचा धागा हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात सापडतो. टीएचसी जिथे चिकटतं ते सीबी-१ ग्राहक तिथे दाटीने असतात. २००६ मध्ये उंदरांच्या मेंदूत तारा बसवून केलेल्या प्रयोगात दिसलं, की टीएचसी दिल्यानंतरही चेतापेशींच्या ठिणग्या जवळपास तेवढ्याच पडतात. बिघडतो तो त्यांचा आपसातला मेळ. लेझीम प्रत्येकाच्या हातात वाजतेय, पण हलगीचा ठेका हरवलाय, तसं. मला यातला हा शोध सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बरं, हे ग्राहक नुसते नशेसाठी नाहीत. ते जन्मतःच नसलेले उंदीर चौथरा नीट शिकतात, पण जागा बदलली की जुन्याच जागी घिरट्या घालत राहतात. जुनं सोडून देण्यासाठीही ही यंत्रणा लागते.

आणि वय? जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने २०१७ मध्ये उंदरांना २८ दिवस अल्प मात्रेत टीएचसी दिलं. दोन महिन्यांची तरणी पोरं शिकण्यात मागे पडली. वर्ष-दीड वर्षाच्या म्हाताऱ्यांची कामगिरी मात्र तरुणांच्या तोडीची झाली. वर्तमानपत्रांनी मथळे केले ते या म्हाताऱ्यांचेच. मात्रा अल्प होती, नियंत्रित होती आणि प्राणी उंदीर होते. माणसाच्या म्हातारपणात असंच घडतं, हे सिद्ध झालेलं नाही.