'खांदा उतरला' म्हणून हात ओढताय? थांबा, दुखापत कॉलरबोनच्या सांध्याची असू शकते

सलग तीनदा (२०१४, २०१५, २०१६) महाराष्ट्र केसरी ठरलेले विजय चौधरी जळगाव जिल्ह्यातले. जळगाव-धुळ्यात यात्रेतली कुस्त्यांची दंगल असो की कबड्डीचं मैदान, खेळाडू खांद्यावर आपटतातच. मग 'खांदा उतरला' म्हणत कुणीतरी हात ओढायला पुढे येतं. नेमकं तेच करू नका.

दुखावतं काय?

कॉलरबोन म्हणजे हासळीचं हाड. त्याचं बाहेरचं टोक खांद्याच्या माथ्याला जुळतं, तो एसी सांधा. आतलं टोक छातीच्या मधल्या हाडाला जुळतं, तो एससी सांधा. खांद्यावर आपटल्यावर एसी सांध्याचे लिगामेंट ताणले जातात किंवा तुटतात. खांदा निखळणं ही वेगळी दुखापत. हात ओढून तुटलेले लिगामेंट जुळत नाहीत. हाड मोडलं असेल तर नुकसान वाढतं.

ओळखायचं कसं?

- खांद्याच्या माथ्यावर दाबलं की दुखतं.
- त्या बाजूचा हात दुसऱ्या खांद्याकडे नेताना कळ येते.
- आरशात पाहिल्यावर एका खांद्यावर उंचवटा दिसतो. तो नसला तरी दुखापत असू शकते.

लगेच काय करायचं?

खेळ थांबवा. हात झोळीत घ्या. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. मालीश आणि शेक नको. मग एक्स-रे काढा.

धोका कधी?

गळ्याजवळ दुखतंय आणि श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होतोय, हाताला मुंग्या येताहेत? एससी सांध्याचं हाड मागे सरकून श्वासनलिका किंवा रक्तवाहिन्यांवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी तासभरही वाट पाहू नका. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

ऑपरेशन लागतंच का?

नाही. एसी सांध्याच्या दुखापतीचे सहा प्रकार मानतात. पहिल्या दोन प्रकारांत झोळी, विश्रांती आणि व्यायाम पुरतात. तिसऱ्यात डॉक्टरांची मतं वेगळी असली, तरी बहुतेकदा आधी व्यायामच सुचवतात. चार ते सहामध्ये सहसा ऑपरेशन लागतं.

पुन्हा मैदानात कधी?

किरकोळ दुखापत काही आठवड्यांत बरी होते, मोठीला दोन-तीन महिनेही लागतात. दुखणं थांबलं एवढ्यावर उतरू नका. हात पूर्ण वर जायला हवा, दोन्ही हातांत सारखी ताकद हवी आणि डॉक्टरांचा होकार हवा. एक दंगल हुकली तर पुढच्या यात्रेत खेळता येईल. अर्धवट बरा झालेला खांदा मात्र अख्खा हंगाम घालवू शकतो.