अणुगर्भ दुभंगतो कसा?

अळूच्या पानावर पडलेले पाणी पसरत नाही. स्वतःला गोल आवळून घेते. हे काम पृष्ठताणाचे. अणुगर्भाच्या भंजनाचा विचार करताना शास्त्रज्ञांनी प्रथम जे चित्र मनाशी धरले, ते अशाच थेंबाचे होते.

१९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना, न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम आढळले. एवढे हलके मूलद्रव्य तेथे आले कोठून? नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या लीझे माइट्नर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी याचा उलगडा केला. पृष्ठताण अणुगर्भाला बांधून ठेवतो, तर आतील ९२ प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. युरेनियममध्ये ही दोन बळे जवळजवळ तोडीस तोड असतात. न्यूट्रॉन आत शिरला की थेंब हेलकावतो, लांबतो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो.

१९३९ साली नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी या चित्राला गणिताची जोड दिली. लांबणाऱ्या थेंबाला ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो. माथा गाठला की पुढे उतारच. न्यूट्रॉन आत आल्याने मिळणारी ऊर्जा युरेनियम-२३५ ला हा घाट चढावयास पुरते, युरेनियम-२३८ ला कमी पडते. मंद न्यूट्रॉनाने पहिले भंगते आणि दुसरे भंगत नाही, ते यामुळे.

परंतु या गणिताप्रमाणे तुकडे समसमान पडावयास हवेत. प्रत्यक्षात युरेनियम-२३५ चा एक तुकडा सुमारे ९५ अणुभाराचा, तर दुसरा १४० च्या आसपासचा असतो. ही बाब केवळ कुतूहलाची नव्हे. अणुभट्टीतील जळालेल्या इंधनात स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ यांचा साठा होतो तो या विषम वाटणीमुळेच. आणि त्या दोहोंची किरणोत्सारिता निम्म्यावर येण्यास सुमारे ३० वर्षे लागतात.

मग थेंबाचे चित्र खोटे काय? खोटे नव्हे, अपुरे. अणुगर्भातील कण कवचाकवचांत बसलेले असतात आणि भरलेले कवच अधिक स्थिर असते. १९६७ साली स्ट्रुटिन्स्की यांनी थेंबाच्या हिशेबात या कवचांची भर घालण्याची रीत दिली, तेव्हा त्या घाटाला दोन माथे असल्याचे दिसले. १९६२ साली रशियातील दुब्ना येथे काही अणुगर्भ क्षणभर थबकून मग आपोआप फुटताना आढळले होते. ते या दोन माथ्यांमधील खोलगटात अडकलेले असतात, हे आता उमगले.

तरीही कोडे संपले नाही. पारा-१८० चे झर्कोनियम-९० असे दोन समान तुकडे व्हावेत, अशी अपेक्षा होती. कारण झर्कोनियम-९० मध्ये न्यूट्रॉनांचे एक कवच पूर्ण भरलेले असते. पण २०१० साली जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तुकडे निघाले सुमारे ८० आणि १०० भाराचे! म्हणजे केवळ अखेरच्या तुकड्यांकडे पाहून भागत नाही; लांबत जाणाऱ्या अणुगर्भाची प्रत्येक अवस्था हिशेबात घ्यावी लागते.

थेंबाचे चित्र टाकून कोणी दिले नाही; आजही हिशेबाचा आरंभ तेथूनच होतो. ते कोठे अपुरे पडते हे नेमके कळले, म्हणूनच पुढची वाट सापडली.